आज किती घोडे मेले?

आमच्या बिदरच्या मैलूर भागातल्या गल्लीत जन्मभर लोकांना चुना लावून गरीबच राहिलेला एकच माणूस होता, तो म्हणजे भीमराज. बाकी ज्यांनी ज्यांनी लोकांना चुना लावला त्यांच्या माड्या झाल्या. त्यांची नावं मी घेणार नाही, कारण त्यातल्या दोघांच्या सायकली अजून माझ्याच दुकानात दुरुस्तीला येतात. भीमराजचा चुना मात्र खरा होता. कळीचा चुना आणायचा, रांजणात विझवायचा, फडक्यानं गाळायचा, त्यात थोडी नीळ आणि थोडा डिंक घालायचा आणि शिंदीच्या कुंचल्यानं भिंतीला मारायचा. बिदरमधल्या अर्ध्याअधिक कचेऱ्यांच्या भिंती त्याच्या हाताखालून गेल्या.

मी माणिकराव. माझं सायकलचं दुकान भीमराजच्या घरासमोर. समोर म्हणजे इतकं समोर, की त्याच्या चुलीवर काय शिजतंय ते मला पंक्चर काढता काढता कळायचं. आम्ही दोघं एका वयाचे, एका वस्तीतले, सत्तावन्न साली एकाच मांडवात दीक्षा घेतलेले. मी तोंडाचा फटकळ, तो बाहेर मुका आणि घरात बोलका. आता तो नाही. त्याच्याबद्दल चार शब्द सांगणारा दुसरा कोणी उरलेला नाही, म्हणून मी सांगतोय.

त्याची एक खोड होती. काम सुरू करण्याआधी तो भिंतीसमोर उकिडवा बसायचा आणि बघत राहायचा. कुंचला बाजूला, चुना बाजूला, आणि हा आपला टक लावून. मालक लोक चिडायचे. आडतवाला हावगेप्पा एकदा म्हणाला, "काय रे, भिंतीला नवरी म्हणून बघायला आलायस का?"

"उद्या दिसनार न्हाई मालक, म्हणून बघायलोय," भीमराज म्हणाला.

या हावगेप्पाच्या घरात भीमराजचा हात सगळ्या भिंतींना चालायचा, अगदी देवघराच्या भिंतीलासुद्धा. पाण्याच्या घागरीला मात्र चालायचा नाही. तहान लागली की ओंजळ करायची आणि वरून कोणीतरी धार धरायची. मी असतो तर ते पाणी धार धरणाऱ्याच्याच तोंडावर उडवलं असतं. भीमराज प्यायचा, मिशा पुसायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा.

त्याला भिंतींवर चित्रं दिसायची. कोणी काढलेली नव्हे, आपोआप झालेली. हावगेप्पाच्या आडतीत पोती वाहणारे हमाल दाराशी वळताना घामेजलेला खांदा भिंतीला घासायचे. तिथं काळपट डागांची रांग झाली होती. भीमराजला त्यात डोक्यावर पाट्या घेऊन बाजारातून परतणाऱ्या बाया दिसल्या. शाळेच्या भिंतीवर पोरांनी टाक झटकून उडवलेली शाई होती. त्याला ती उडती पाखरं वाटली. कचेरीच्या जिन्यात लोक पान थुंकायचे, तिथं त्याला तुरा ताठ केलेला कोंबडा भेटला. दिवळीवरच्या काजळीत लिंबाचं झाड, पावसाळ्यात जांभ्या दगडातून झिरपलेल्या ओलीत पाण्यात बसलेली म्हैस. लोक ज्याला घाण म्हणायचे आणि जे पुसायला त्याला बोलवायचे, तेच त्याला आवडायचं.

मी एकदा त्याच्या हातात खडू दिला आणि म्हटलं, "काढून दाखव की मग." त्यानं माझ्या दुकानाच्या फळीवर पोपट काढला. माझ्या सायकलची सीट त्याच्याहून जास्त पोपटासारखी दिसत होती.

"काढाय न्हाई येत, माणिकअण्णा," तो म्हणाला, "दिसतंय तेवढं."

म्हणजे बघा, ज्याला दिसायचं त्यालाच ते बुजवावं लागायचं. आणि काम म्हणून बुजवायचा तोही असा, की मागे काही होतं याचा पत्ता लागू नये. आमच्याकडे तेलाचे डाग फार. लोक भिंतीला टेकून बसतात, डोक्याचं तेल लागतं. त्यावर साधा चुना मारला तर तेल पंधरा दिवसांत पुन्हा वर येतं, ते चुन्याला जुमानत नाही. भीमराज ती जागा पत्र्यानं खरडायचा, धुण्याच्या सोड्यानं घासायचा, घट्ट चुना भरायचा, वाळू द्यायचा, आणि मग दोन हात मारायचा. त्यानं मारलेल्या भिंतीवर तेल वर आल्याचं मी तरी पाहिलं नाही.

त्याची बायको सावित्रीबाई. भालकीकडच्या मेहकरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं. आमच्या गल्लीत तर एका वाक्यात तीन भाषा. शिवी उर्दूत, हिशेब कानडीत आणि रडणं मराठीत. छप्पन्न साली बिदर म्हैसूर राज्यात गेलं आणि कचेऱ्यांमधून तिकडची माणसं आली. त्यांची कानडी पुस्तकातली. आमच्याकडचे कानडी लोक भिंतीवर म्हणायचं असलं तर 'ग्वाडी म्याल' म्हणतात. म्हैसूरची माणसं म्हणतात 'गोडे मेले'.

तर एक दिवस सकाळी कचेरीचा म्हैसूरवाला मिस्त्री सायकलवरून भीमराजच्या दारात आला. भीमराज घरी नव्हता. मिस्त्री दारातूनच म्हणाला, "भीमराज इद्दाना? नाळे आफीसिगे बरबेकु. गोडे मेले कले इदे." म्हणजे त्याला सांगायचं होतं, की भीमराज आहे का, उद्या कचेरीत यायला पाहिजे, भिंतीवर डाग पडलेत.

सावित्रीबाईला त्यातल्या तीनच गोष्टी कळल्या. भीमराज, आफीस, आणि घोडे मेले.

मी दुकानातून बघत होतो. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. पदर खोचला. तोवर त्या पोरीचा आवाजसुद्धा गल्लीनं ऐकला नव्हता.

"घोडे मेले तर आमी काय करावं?" ती ओरडली. "आमी सोडलंय ते काम! मेलेलं वढनारं घर न्हाई ह्ये आता! सायबाचे घोडे सायबानं वढावं म्हणावं!"

बिचारा मिस्त्री घाबरला. त्याला वाटलं बाईला डागाचा राग आला. तो घाईघाईनं "गोडे, गोडे," म्हणत त्यांच्याच भिंतीवर थापा मारायला लागला.

"भितीत मेला व्हय घोडा?" सावित्रीबाई म्हणाली. "मंग तितंच पुरा!"

गल्ली गोळा झाली. मी हसत हसत मध्ये पडलो आणि मोडक्यातोडक्या कानडीत दोघांची समजूत घातली. हसत होतो खरा, पण तिच्या रागानं मला बरंही वाटलं. आमच्या बापजाद्यांना असंच कोणीतरी दारातून हाक मारायचं, ढोर मेलंय, ओढायला चला. ते ओढणं आम्ही नुकतंच सोडलं होतं. मेहकरची ही कालची सून पहिल्या हाकेलाच उभी राहिली होती. हाक घोड्यांची नव्हती, तो भाग वेगळा.

भीमराज आला, त्याला सगळं कळलं आणि तो उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सावित्रीबाई चिडून त्याच्याशी बोलेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कचेरीच्या भिंती मारून परत आला, हातपाय धुतले, तेव्हा तिनंच ज्वारी निवडत निवडत विचारलं, "मंग? आज किती घोडे मेले?"

तिथून ते सुरू झालं. रोज संध्याकाळी ती विचारायची आणि तो आज काय काय दिसलं आणि काय काय बुजवलं ते सांगायचा. आज तीन मेले, एक कोंबडा, एक म्हातारा, एक नुसतंच ढगावानी. दाराच्या आत डाव्या भिंतीला टेकून ती बसायची, डोकं मागे भिंतीला लावून, डोळे मिटून. खोबरेल परवडायचं नाही, करडईचं तेल डोक्याला. तो समोर चुलीपाशी. मी दुकान आवरताना मला सगळं ऐकू यायचं.

"तुला दिसलं असतं की गं," तो म्हणायचा.

"मला कुटं दिसतंय? तुमी सांगा, मी बघते." आणि मग हुज्जत घालायची, "रेडा म्हणालाव, पर शेपटीचं सांगितलंच न्हाई. शेपूट कुनीकडं होती?" तो डोकं खाजवायचा. पुढच्या वेळी शेपूट नीट बघून यायचा.

त्या मिस्त्रीशी नंतर भीमराजची चांगली गट्टी जमली. त्यानंच याला एक गोष्ट सांगितली. कानडीत डागाला 'कले' म्हणतात आणि चित्रबित्र, कलाकुसर, त्यालाही 'कले'च म्हणतात. शब्द एकच. भीमराज ते ऐकून माझ्याकडे धावत आला.

"बघा माणिकअण्णा, तिकडं डागाला बी कलेच म्हणतेत अन् चित्राला बी कलेच. मंग मीच येडा कामून?"

मी म्हटलं, "तू येडा नाहीस, तू कानडी आहेस." त्याला ते फार आवडलं. संध्याकाळी सावित्रीबाईला सांगून दोघं हसत बसले होते.

त्यांना एकच मुलगा, नागसेन. हुशार निघाला. शिकला आणि गुलबर्ग्याला वीज खात्यात लागला. घरात पुन्हा दोघंच राहिली. ऐंशीच्या हिवाळ्यात सावित्रीबाईच्या छातीत कफ भरला. दवाखाना झाला, काढे झाले. दोन-तीन आठवड्यांत ती गेली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळीही तिनं हातानंच खूण करून विचारलं होतं, असं भीमराज सांगायचा. त्या दिवशी तो कामाला गेलाच नव्हता. त्यानं खोटंच एक हरीण सांगितलं.

महिन्याभरानं तो पुन्हा कामाला जायला लागला. संध्याकाळी घरात न जाता माझ्या दुकानात येऊन बसायचा. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत असायचो. तो म्हणायचा, "माणिकअण्णा, आज दवाखान्याच्या भितीला एक बैल होता." मी म्हणायचो, "असं का?" तो थोडं पुढं सांगायचा आणि मध्येच थांबायचा. मी शेपटीचं विचारत नव्हतो ना. मला ते सुचायचंच नाही. थोड्या दिवसांनी त्यानं सांगणं सोडलं. नुसताच बसायचा, आणि दिवा लागला की उठून जायचा.

सुट्टीच्या दिवशी तो एकटाच गल्ल्यांमधून हिंडायचा. कुठं गाईनं अंग घासलेला कोपरा, कुठं गोवऱ्या काढून घेतल्यावर उरलेल्या चकत्या, कुठं पोस्टर फाटून मागे राहिलेली खळ. तो उभा राहून बघायचा. पूर्वी बघून घरी न्यायला काहीतरी मिळाल्यासारखा परतायचा. आता बघायचा आणि तिथंच ठेवून यायचा. पोरं म्हणायची, भीमराज तात्या भिंतीशी बोलतो. बोलत असता तर बरं होतं. त्याला फार एकटं वाटायचं. तो हे कधी म्हणाला नाही, मी म्हणतो.

एकदा दुपारी त्यानं मला हाक मारून घरात नेलं. दार अर्धं लोटलं. बाहेरचं ऊन डाव्या भिंतीवर तिरपं पडलं.

"बघा," तो म्हणाला.

सावित्रीबाई जिथं टेकून बसायची तिथं डोक्याच्या उंचीला तेलाचा डाग होता. वीस-बावीस वर्षांचा. मध्ये काळा, कडेला पिवळट, परातीएवढा.

"ह्यो पदर. हितं कान. तोंड तिकडं केलंय. ऐकायलीय."

मी बघितलं. डोळे बारीक केले, मान वाकडी केली. डाग तो डागच. मला खोटं बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी त्याच्यासमोर बोललो नसतो. म्हटलं, "भीमराज, मला तेल दिसतंय."

त्याला राग आला नाही. "तिला बी कदी काय दिसलं न्हाई," तो म्हणाला, "पर ती इचारायची."

आमच्या वस्तीत दरवर्षी जयंतीच्या आधी घरोघर चुना लागतो. भीमराज सगळ्यांच्या भिंती मारायचा, बुद्ध विहार मारायचा, स्वतःच्या घराच्या तीन भिंती मारायचा आणि चौथीपाशी त्याचा चुना संपायचा. दरवर्षी. बाया म्हणायच्या, दिव्याखाली अंधार. मला आता त्याचं कारण माहीत होतं.

तीन वर्षं अशी गेली. मग नागसेनला भालकीची एक मुलगी सांगून आली. शिकलेली, घराणं चांगलं. मुलगी बघून झाली, पसंत पडली. आता मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. नागसेन चार दिवस आधीच गुलबर्ग्याहून आला. त्यानं चादरी आणल्या, कपबशा आणल्या, माझ्याकडून बाकडं नेलं. मीही बाकडं पोचवायला गेलो होतो, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"अप्पा," नागसेन म्हणाला, "सगळं बेस झालंय. तेवढी ही भित मारून घ्या. पाव्हणे तितंच बसतील. लई चिक्कट दिसायलीय."

भीमराज म्हणाला, "तितं तुजी माय हाय."

मला वाटलं पोरगा आता चिडणार. तो चिडला नाही. तो भिंतीजवळ गेला. बापानं दाखवलं तिथं, पदर, कान, तिकडं केलेलं तोंड, सगळं त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मागे आला, पुन्हा पाहिलं.

"मला तेलच दिसायलंय, अप्पा," तो म्हणाला. "मला बी दिसावं वाटायलंय. पर दिसंना की."

"कानडीत डागाला बी…"

"ठावं हाय मला. आफिसात रोज कानडीच लिवतो न्हव का. पर पाव्हण्यास्नी काय सांगू? माय हाय म्हणून सांगू? ते काय म्हणतील? येड्याच्या घरात पोरगी द्यायची व्हय?"

पोरगा चुकीचं बोलत नव्हता. मी बाकडं टेकवलं आणि निघालो.

संध्याकाळी भीमराज दुकानात आला. मला वाटलं रडवेला असेल, तर चेहरा खुललेला. खूप दिवसांनी त्याला सांगायचं होतं.

"माणिकअण्णा, जमलं. एकच पातळ हात मारतो. खरडायचं न्हाई, सोडा न्हाई, काही न्हाई. वरून नुसता पांढरा. पाव्हणे यायच्या दिवशी झाकलेलं राहतंय. पंधरा दिवसांत तेल वर येतंय बगा. तेल कुटं चुन्याला ऐकतंय?"

"म्हणजे वहिनी परत हजर."

"व्हय. चार दिस माहेरला धाडल्यावानी." तो हसला. पुढं म्हणाला, "पोराचं बी होतंय, माजं बी होतंय."

मलाही बरं वाटलं. त्या रात्री मी बायकोला सांगितलं, भीमराज हसला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. नागसेन सामान आणायला गेला. माझ्या दुकानात खेड्यावरच्या सायकलींची रांग लागलेली, मान वर करायला फुरसत नाही. समोरून पत्र्यानं भिंत खरडल्याचा आवाज येत होता. मी तो ऐकला आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. जन्मभर ऐकलेला आवाज. गिरणीचा ऐकू येतो तसा येत होता आणि जात होता. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं तेव्हा पाणी प्यायला म्हणून मी त्याच्या घरात गेलो.

भिंत ओली होती. खाली फाटक्या पोत्यावर खरडलेल्या चुन्याच्या, मातीच्या पिवळट कपच्या. बादलीत सोड्याचं पाणी, चहासारखं झालेलं. खड्डे घट्ट चुन्यानं भरून वर एक हात मारून झाला होता आणि भीमराज दुसरा हात मारत होता. वरून खाली, वरून खाली, एकावर एक, कुठं फट नाही.

"भीमराज!" मी ओरडलो. "एकच हात मारणार होतास ना रे?"

त्याचा कुंचला थांबला. झोपेतून कोणी हलवावं तसा तो माझ्याकडे बघायला लागला. मग भिंतीकडे. मग खालच्या पोत्याकडे. खाली बसला.

"ध्यानातच न्हाई राह्यलं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कुंचला भिजवला. मनात म्हणलं, एकच हात. पर डाग दिसला की आदी खरडायचं असतंय न्हव का… पत्रा हातात कदी आला कळालंच न्हाई. हात लागला अन् काम सुरू झालं, माणिकअण्णा."

तो पोत्यावरच्या कपच्या ओंजळीत घेऊन बघत होता. बोटांनी उलटसुलट करत होता. त्यात काही नव्हतं, तुकडेच तुकडे. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण माझे हात ग्रीसनं भरलेले होते. मग तसेच ठेवले. अर्ध्या तासानं तो उठला आणि राहिलेला दुसरा हात पुरा केला, कारण अर्धी भिंत ओली आणि अर्धी वाळकी राहिली तर जोड दिसतो.

पाहुणे आले. चादरीवर बसले, पोहे खाल्ले, चहा झाला. मुलीची एक म्हातारी आत्या थकली होती. ती सरकत सरकत नेमकी तिथं गेली आणि मागे टेकणार, तोच भीमराज ताडकन उठला.

"तितं नगा टेकू, माय! चुना लागंल लुगड्याला!"

सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. किती काळजी घेतात म्हणाले. मुलीचा बाप उठताना भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "घर कसं बी असू द्या, भित मातर एक नंबर मारलीय." भीमराजनं हात जोडले. लग्न ठरलं.

उन्हाळ्यात लग्न झालं. सून गुणाची निघाली. जाताना दोघांनी त्याला खूप आग्रह केला, अप्पा, आता गुलबर्ग्याला चला, इथं एकटं कशाला राहता. तो म्हणाला, "पावसाळा होऊ द्या." त्यांना वाटलं प्रवासाचं म्हणतोय. मला कळलं. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि जुनं आत दडलेलं सगळं वर येतं. कितीही चांगलं काम असलं तरी एखाद्या वेळी येतं, असं त्यानंच मला सांगितलं होतं. तो त्याच आशेवर होता. खरं सांगायचं तर मीही होतो. पंक्चर काढता काढता माझी नजर त्याच्या उघड्या दारातून आत जायची.

त्या वर्षी पाऊस भरपूर पडला. गल्लीतल्या घराघरांत भिंती फुगल्या, डाग फुटले, पापुद्रे सुटले. हावगेप्पाच्या आडतीत सुद्धा हमालांचे खांदे पुन्हा दिसायला लागले म्हणून भीमराजला बोलावणं आलं. त्याच्या घरातली डावी भिंत मात्र दुधासारखी पांढरी. ओलही धरली नाही तिनं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भीमराज, थोडं करडईचं तेल बोटानं लावलं तर?"

जन्मात एकदाच तो माझ्यावर ओरडला. "तेल लावून बाई येती व्हय?" माझंच चुकलं होतं.

दसरा झाला, थंडी पडली. नागसेनची पत्रं यायची, या म्हणून. हा जायचा नाही. काम कमी केलं होतं त्यानं. संध्याकाळी घरात चुलीपाशी बसायचा, त्याच जुन्या जागी, तोंड त्या भिंतीकडे करून. दिवा शेजारी. साऱ्या बिदरच्या भिंतींवर ज्यानं कोंबडे आणि म्हशी बघितल्या, तो त्या एका भिंतीकडे तासन्‌तास बघायचा. एके दिवशी मी दुकानाच्या फळ्या लावल्या, हात धुतले आणि त्याच्याकडे गेलो. दाराच्या आत उभा राहिलो. तो वळला नाही.

"काय भीमराज," मी विचारलं, "दिसायलंय का काही?"

त्यानं भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा सावकाश बघून घेतलं.

"न्हाई, माणिकअण्णा," तो म्हणाला. "लई साफ काम झालंय."